ओल आणि उजेड

महाड-पोलादपूरकडे पावसाळा घराबाहेर थांबत नाही. जून संपता संपता भिंतीच्या पायाशी ओलीची काळपट रेघ उमटते आणि श्रावणापर्यंत ती वर चढत राहते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, काडी ओढताना तिचा गूल निखळतो, ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतो. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सावित्रीचा उगम जिथे आहे त्या महाबळेश्वरावर त्याहून कितीतरी जास्त. वरच्या त्या पाण्यातला सावित्रीचा वाटा आंबेनळी घाटाच्या अंगाने उतरून पोलादपूरला येतो, तिथून महाडला, आणि मग बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतो.

अशा मुलखात भिंतीवरून विजेची तार न्यायची, तर ती कोणी नेली, कशावरून नेली आणि शेवटी तपासून सही कोणी केली, हा जिवाचा प्रश्न होतो. धरणे, वीजकेंद्रे आणि मनोऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. घरातल्या ‘लाईट फिटिंग’लाही इतिहास आहे आणि मीटर बसण्याआधी लागणाऱ्या ‘टेस्ट रिपोर्ट’ नावाच्या साध्या कागदालाही. सावित्रीच्या खोऱ्यात हे दोन्ही इतिहास पाण्याशी बांधलेले आहेत.

विजेआधीच्या उजेडाला ओलीची फिकीर नव्हती. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा, भिंतीत दिव्यासाठी देवळी आणि दिव्यात करंजाचे किंवा उंडीचे तेल, अशी कोकणातल्या घरांची जुनी रीत. पुढे रॉकेल आले आणि त्याबरोबर चिमणी आणि कंदील. घाटमाथ्यापलीकडे, कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना काढला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घराघरांत वाशाला टांगला गेला. हे दिवे माणसाबरोबर चालत. माजघरातली चिमणी रात्री गोठ्यात जाई, ओटीवरचा कंदील पाहुण्याला वाट दाखवायला पाणंदीपर्यंत जाई. धोका होता तो आगीचा, पण ज्योत डोळ्यांना दिसत होती. पेंढ्याजवळ दिवा नेऊ नये हे कोणाला शिकवावे लागत नव्हते.

विजेने दिवा जागेला बांधला आणि धोका भिंतीत नेऊन लपवला.

हा लपलेला धोका ओळखणारे सुरुवातीचे नियम १८८२ साली लंडनमध्ये झाले. तिथल्या तार आणि विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी एक छोटी नियमावली छापली. काम करणाऱ्याचे अज्ञान, कच्चे सांधे आणि दमटपणा हे तिने मुख्य शत्रू मानले होते. यंत्रणेतला दोष आत असतो, नजरेला दिसत नाही, म्हणून प्रवाह सोडून मोजमाप करणे हीच त्यावरची तपासणी, असे तिचे सांगणे होते. त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण दिवे पुरवणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेली. मुंबईत वीज खऱ्या अर्थाने रुजली ती विसाव्या शतकात.

ती रुजवली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या डोंगरांवरून कोसळणाऱ्या पाण्याने. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी दिलेला लढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. भिरा महाडच्या उत्तरेला, त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तिथे तयार झालेली वीज मात्र उंच मनोऱ्यांवरून मुंबईला गेली. गिरण्यांचे पट्टे त्या विजेवर फिरले, आणि त्या गिरण्यांत महाड-पोलादपूरचे चाकरमानी राबले. परळ-लालबागच्या चाळीत दिव्याचे बटण दाबणारा माणूस मे महिन्यात गावी आला की पुन्हा चिमणीच्या उजेडात जेवत असे.

१९२७ हे साल महाडला वेगळ्या कारणाने कायमचे लक्षात राहिले. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, पण तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. कागदावर खुले असलेले पाणी ओंजळीत येण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. कागद आणि प्रत्यक्ष यांतले हे अंतर पुढे विजेच्या बाबतीतही याच मुलखाला पुन्हा भेटणार होते.

विजेचा कायदा तोवर आकार घेत होता. १९१० चा भारतीय विद्युत अधिनियम, १९३७ चे नियम आणि स्वातंत्र्यानंतर १९५६ चे भारतीय विद्युत नियम. वायरमनच्या पिढ्या वाढल्या त्या या १९५६ च्या नियमांवर. त्यातला ४५ वा नियम सांगे की बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर घरातले विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, आणि तेही सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. ४६ वा नियम सांगे की जोडणी झाल्यावरही पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी व्हावी. ४८ वा नियम गळतीचा. घराची गळती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर वीज पुरवणाऱ्याने जोडणीच देऊ नये. ‘गळती’ हा शब्द कोकणी माणसाला नवा नव्हता. आगोटीला कौले परतायची ती गळतीसाठीच. आता तोच शब्द तारेला लागला.

या नियमांतून एक नवे माणूसपद जन्माला आले. सरकारी भाषेत तो ‘तारतंत्री’, लोकांच्या तोंडी ‘वायरमन’. विद्युत निरीक्षकाच्या खात्याकडून त्याला परवाना मिळे. ठेकेदाराच्या दुकानात त्याच्या लायसन्सची प्रत काचेत लावलेली असे. गावात सुतार, गवंडी, लोहार पिढीजात होते. वायरमनची जात मात्र शिक्षणाने ठरली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम करून, परीक्षा देऊन कोणत्याही घरातला मुलगा त्या कामाला उभा राहू शकत होता. चवदार तळ्याच्या तालुक्यात ही गोष्ट लहान नाही. ज्याला एके काळी ओटीच्या पलीकडे येऊ दिले नसते, तो माणूस हातात पक्कड घेऊन देवघरापर्यंत गेला, कारण दिवा तिथेही हवा होता.

मुंबई वीज मंडळ १९५४ मध्ये स्थापन झाले आणि राज्यनिर्मितीनंतर, १९६० च्या जूनमध्ये, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. कोयनेची वीज १९६२ पासून येऊ लागली. कोयना आणि सावित्री महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात आणि क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात त्यांच्या धारा शेजारी शेजारी पडतात. त्यातल्या एकीने राज्याला उजेड दिला. दुसरी महाडच्या बाजारपेठेत दर काही वर्षांनी पाणी घेऊन येते.

तारा रस्त्याच्या कडेने आल्या. हमरस्त्यावरच्या गावाला ‘डीपी’ बसली की सरकारदरबारी ते गाव उजळले. त्या काळच्या व्याख्येनुसार महसुली गावाच्या हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, तरी ते गाव विद्युतीकृत ठरे. सपाटीवरच्या एकवस्तीच्या गावाला ही व्याख्या चालून जाईल. पोलादपूरच्या डोंगरात एका महसुली गावाच्या सात-आठ वाड्या असतात, एक ओढ्याकाठी, दुसरी उतारावर, तिसरी पार कड्याखाली. खालच्या वाडीत एक पिठाची गिरणी विजेवर चालू लागली, तर वरच्या वाडीतला अंधार नोंदवहीतून पुसला जाई. १९९७ मध्ये व्याख्या बदलली आणि वीज प्रत्यक्ष वस्तीत पोचली पाहिजे असे ठरले. २००४ मध्ये ती आणखी कडक झाली. दलित वस्तीपर्यंत वीज पोचलेली असावी, शाळा आणि पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी ती असावी आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी असावी, तरच गाव विद्युतीकृत. दलित वस्तीचा उल्लेख विजेच्या सरकारी व्याख्येत करावा लागला, यातच आधी काय होत होते ते दिसते.

तार घराच्या चौकटीशी आली की खरे काम सुरू होई. सगळ्यांत जुनी आणि स्वस्त पद्धत क्लीटची. चिनी मातीच्या दोन तुकड्यांत तार धरायची आणि ती भिंतीपासून थोडी अधांतरी न्यायची. दिसायला ओबडधोबड, तात्पुरत्या कामाची मानलेली, पण तार ओल्या भिंतीला टेकत नसे एवढा तिचा गुण. सुखवस्तू घरांत केसिंग-कॅपिंग असे, म्हणजे सागवानी पट्टीत दोन खाचा, एकीत फेज, दुसरीत न्यूट्रल आणि वर लाकडी झाकण. देखणे काम, पण ओलीला ते मानवत नसे. लाकूड फुगे, झाकण उचले, वाळवी शिरे. दमट जागी ते वापरू नये असा दंडकच होता. मग बॅटन आली. अरुंद लाकडी पट्टी, तिच्यावर रबरी आवरणाची केबल आणि ठरावीक अंतरावर पत्र्याच्या चिमुकल्या क्लिपा. कौलारू घराच्या वाशांवरून गेलेली बॅटन पट्टी, तिच्या टोकाला लाकडी गोल ठोकळा, त्यावर काळा बेकेलाइटचा होल्डर आणि त्यात चाळीसचा बल्ब. महाड-पोलादपूरच्या एका पिढीचा अभ्यास अशाच बल्बखाली झाला.

तारांची नावे वायरमनच्या तोंडी आकड्यांची असत. एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा जाडीच्या गेजचा. जुन्या तारेवर रबर असे. उष्णतेने ते कडक होई, वाकवले की तडकून गळून पडे आणि उंदीर तर कौलाखाली कायमचे वस्तीला. प्लॅस्टिक आवरणाच्या तारांनी तो त्रास बराच कमी केला. मधल्या काळात तांब्याच्या टंचाईमुळे ॲल्युमिनियमची तार घरांत शिरली आणि वेगळेच दुखणे घेऊन आली. मऊ धातू स्क्रूखाली हळूहळू दबतो, सांधा सैल पडतो आणि तापतो. बटणाच्या बोर्डाला जळकट वास येऊ लागला की जुना वायरमन आधी स्क्रू पिळून बघे.

दिव्यांच्या सर्किटचे हिशेब भारतीय मानक ७३२ मध्ये घालून दिलेले आहेत. एका उपसर्किटवर दिवे, पंखे आणि लहान प्लग मिळून दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत, भारही ८०० वॉटच्या आत. बटण फेजमध्येच हवे, न्यूट्रलमध्ये नको. नाहीतर बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डर जिवंतच राहतो आणि ओल्या हाताने बल्ब बदलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मग तपासणी. तिचे हत्यार म्हणजे मेगर. लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीने १९०३ मध्ये हे नाव नोंदवले आणि ते नाव पुढे यंत्राचेच झाले. लाकडी किंवा बेकेलाइटची पेटी, बाजूला हातदांडा, वर सुई. मेन स्विच बंद करायचा, सगळे बल्ब काढायचे, सगळी बटणे चालू ठेवायची. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये मेगर लावायचा आणि दांडा फिरवायचा. आत ५०० व्होल्ट तयार होतात आणि सुई तारेच्या आवरणाचा रोध मेगओममध्ये दाखवते. मग बल्ब नसलेल्या त्याच स्थितीत फेज आणि न्यूट्रल वेगवेगळे करून त्यांच्यातला रोध बघायचा, बटणे फेजमध्येच आहेत ना ते पाहायचे, अर्थिंगची सलगता तपासायची. जुना हिशेब सोपा होता. ५० ला पॉइंटच्या संख्येने भागा, येईल तेवढे मेगओम तरी हवेत, मात्र संपूर्ण घरासाठी एक मेगओमहून अधिकाची सक्ती नको. पुढे एक मेगओम हाच सर्वांच्या तोंडचा आकडा झाला.

या एका आकड्यात सावित्रीच्या खोऱ्याचे हवामान सामावलेले आहे. चैत्रात कडकडीत वाळलेल्या भिंतीवर सुई भराभर वर जाते. त्याच घरात, त्याच तारांवर, भाद्रपदात ती खाली रेंगाळते. तार तीच, ओल वेगळी. उन्हाळ्यात पास झालेले घर पावसाळ्यात नापास होऊ शकते, आणि भिंतीत करंट उतरतो तो पावसाळ्यातच. कपडे वाळत घालायची तार, मोरीचा नळ, पत्र्याची पन्हळ, यांना हात लागला की झिणझिण्या येतात. पाच अँपिअरची फ्यूज अशा वेळी उडत नाही, कारण तिच्या लेखी काहीच घडलेले नसते. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका प्रवाहही पुरतो. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी घरोघरी पोचायला फार उशीर झाला. तोवर सारी भिस्त अर्थिंगवर, म्हणजे खड्ड्यात पुरलेल्या पाइपवर किंवा पत्र्यावर आणि त्याभोवतीच्या कोळसा-मिठावर होती.

तपासणीचे आकडे भरून ठेकेदार सही करी, तोच टेस्ट रिपोर्ट. अर्ज, कोटेशन, पैसे भरल्याची पावती आणि टेस्ट रिपोर्ट, एवढे जमले की मीटर. त्या कागदाचा अर्थ साधा आणि मोठा होता. एका जबाबदार माणसाने या घरात येऊन, भिंत ओली आहे की कोरडी ते पाहून, दांडा फिरवून हे घर राहण्याजोगे असल्याची हमी दिली आहे. दूरच्या वाडीपर्यंत चढून जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून दुकानात बसून न पाहता सही देण्याची वाईट सवय महाराष्ट्रात ठिकठिकाणी लागली. अशा प्रत्येक सहीने त्या घरातल्या बाईमाणसांना आणि पोरांना न तपासलेल्या भिंतींच्या स्वाधीन केले. १९२४ च्या ठरावासारखाच तोही नुसता कागद राहिला.

गरिबांच्या घरी वीज आली ती बहुधा एका दिव्याच्या रूपाने. १९८८-८९ पासूनच्या कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक पॉइंट मिळे. एक पॉइंट म्हणजे सर्किटही नव्हे. लोकांनी त्याच होल्डरला जोड-होल्डर लावून रेडिओ चालवला, पंखा चालवला, उघड्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळून वायर पडवीत नेली. गरज खरी होती, पण फिटिंग एका बल्बच्या हिशेबाने झालेले होते. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांनी ‘गाव’ सोडून ‘घर’ मोजायला सुरुवात केली. याच काळात २००३ चा विद्युत कायदा आला, २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले आणि १९५६ च्या नियमांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली. परवानाधारक ठेकेदार, तपासणी आणि पाच वर्षांची मुदत या तीन गोष्टी मात्र टिकून राहिल्या.

तपासणीचा कस लावला तो पुरांनी. २००५ च्या जुलैअखेर महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने रायगडभर विजेचे खांब आडवे केले. आणि २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी यांवरही दरडी पडल्या. महाड शहरात सावित्री आणि गांधारीचे पाणी तळमजल्याच्या छतापर्यंत चढले.

त्या पुराने नव्या फिटिंगची एक कमजोरी उघडी पाडली. बॅटनच्या काळात तार भिंतीवर दिसत होती. बुडालेली पट्टी उचकटून नवी ठोकता येई. आताची तार भिंतीच्या पोटातल्या पाइपात असते. पूर ओसरला की भिंत वरून वाळते, पण पाइपाच्या वळणात गाळ आणि पाणी साचून राहते. बुडालेला एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेला आपोआप पडणारा स्विच, धुऊन, वाळवून चालू होतोही, मात्र वेळेला तो पडेल याची खात्री उरत नाही. तो बदलावाच लागतो. दुकानातला माल गेला, भिंती चिखलाने लिंपल्या, घरात प्यायला पाणी नाही, अशा वेळी दिवा लावण्याची घाई कोणाला समजणार नाही? पण बुडालेल्या घराचा मेन स्विच मेगर न लावता वर करणे म्हणजे पुराने सोडलेल्या जिवाची पुन्हा परीक्षा पाहणे. ज्या घरांत वरच्या मजल्याचे सर्किट वेगळे होते, त्यांना खालचा मजला तोडून वर दिवा लावता येत होता. पूररेषेतल्या घरात बोर्ड उंच घेणे, मजल्यागणिक सर्किट वेगळे करणे आणि आरसीसीबी बसवणे यांचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अगदी थोडा आहे.

२०२१ च्या पुरानंतर महाडच्या बाजारपेठेत आणि सावित्रीकाठच्या वस्त्यांत पुन्हा केलेल्या फिटिंगला जुलै २०२६ नंतर पाच वर्षे भरतात. विनियमांनुसार त्या घरांची तपासणी तोवर व्हायला हवी. पोलादपूरच्या वाड्यांत वर्षभर कुलूप असलेली चाकरमान्यांची घरे गणपतीला उघडतात, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मखरावर रोषणाईच्या माळा चढतात. भिंत तेव्हा सर्वांत ओली असते, घर सर्वांत भरलेले असते. वायरमनला बोलावायचे ते त्याच आठवड्यात, माळ प्लगमध्ये खोचण्याआधी. मेन बंद, बल्ब काढलेले, बटणे चालू, आणि दांडा फिरत असताना घरातले सगळे सुईकडे बघत उभे.